नातालचे बिशप कोलेन्सो : बायबलचा हिशेब आणि सरकारचाही

दक्षिणायन

रँग्लर परांजपे केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजचे, १८९९ चे सीनिअर रँग्लर, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिले, हे आपल्याकडे एकेकाळी शाळकरी पोरांनाही ठाऊक असायचं. त्याच कॉलेजातून १८३६ साली त्याच परीक्षेत दुसरा आलेला एक माणूस पुढे बिशप होऊन आफ्रिकेत गेला. तिथे त्याने आधी स्वतःच्या चर्चला आणि मग स्वतःच्या सरकारला हिशेब विचारला. जॉन विल्यम कोलेन्सो त्याचं नाव. त्याच्यावर मराठीत मला फारसं काही सापडलं नाही, म्हणून हा धागा.

जिथे तिथे त्याची ओळख 'बायबलवर शंका घेणारा बिशप' अशी करून देतात. ती अपुरी आहे असं मला ठामपणे वाटतं. बायबलमधले आकडे तपासताना जी सवय त्याने वापरली, तीच सवय त्याने दहा-बारा वर्षांनी एका खटल्याच्या सरकारी कागदांवर वापरली. या दुसऱ्या खेपेची किंमत त्याला जास्त पडली, आणि त्याचं मोठेपणही मला तिथेच दिसतं.

जन्म १८१४, कॉर्नवॉलमधल्या सेंट ऑस्टेलचा. वडिलांचा पैसा खाणीत बुडाला, त्यामुळे शिक्षण ओढगस्तीत झालं. हॅरोच्या शाळेत शिकवत असताना घराला आग लागून डोक्यावर कर्ज चढलं. ते फेडण्यात त्याला अंकगणित आणि बीजगणिताच्या पाठ्यपुस्तकांची मदत झाली. ही पुस्तकं इंग्लंडच्या शाळांत इतकी चालली की पुढे कित्येक वर्षं 'कोलेन्सो' म्हणजे गणिताचं पुस्तक असंच मुलं समजत. नंतर नॉरफोकमधल्या एका खेड्यात धर्मगुरू, आणि ३० नोव्हेंबर १८५३ ला नातालचा पहिला बिशप म्हणून दीक्षा.

नाताल म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची तेव्हाची नवी ब्रिटिश वसाहत. गोरे थोडे, आफ्रिकन लोक कितीतरी पट जास्त, आणि तुगेला नदीपलीकडे स्वतंत्र झुलू राज्य. कोलेन्सो १८५४ मध्ये दहा आठवडे फिरून सगळं बघून गेला, परत जाऊन त्यावर पुस्तक लिहिलं आणि १८५५ मध्ये बायकामुलांसह कायमचा आला. पीटरमॅरिट्झबर्ग शहराजवळ बिशपस्टो हे त्याचं ठाणं. तिथेच एकुखान्येनी ही शाळा, जिथे आफ्रिकन सरदारांची मुलं शिकायला ठेवली होती. शेजारीच छापखाना. आल्या आल्या तो झुलू शिकायला बसला. त्याने व्याकरण लिहिलं, १८६१ मध्ये झुलू-इंग्रजी शब्दकोश काढला, नव्या कराराचं भाषांतर केलं. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश ज्यांनी चाळला आहे त्यांना या कामाचा आवाका वेगळा सांगायला नको.

या सगळ्यात त्याच्या शेजारी बसलेला माणूस म्हणजे विल्यम न्गिदी. जुन्या करारातली नोहाच्या प्रलयाची गोष्ट झुलूत आणताना न्गिदीने विचारलं की हे सगळं खरंच घडलं का? थंड आणि उष्ण मुलखातले सगळे पशुपक्षी जोडीजोडीने आले आणि तारवात शिरले? मांसाहारी जनावरांसाठीही नोहाने खाणं गोळा केलं?

कोलेन्सोने भूगर्भशास्त्र वाचलेलं होतं. असा जगभराचा प्रलय झालेला नाही हे त्याला माहीत होतं. समोरच्या माणसाला 'हो, खरं आहे' म्हणणं म्हणजे देवाच्या नावावर खोटं बोलणं, असं त्याने पुढे स्वतःच लिहिलं. बहुतेकांनी हा प्रश्न गोड बोलून टाळला असता. त्याने न्गिदीचा प्रश्न पुस्तकाच्या प्रस्तावनेत छापला.

१८६२ पासून त्या पुस्तकाचे भाग निघू लागले. बायबलची पहिली पाच पुस्तकं आणि यहोशवाचं पुस्तक यांची चिकित्सा. पहिला भाग जवळजवळ सगळा आकडेमोडीचा आहे. इजिप्तमधून निघालेल्या इस्राएली लोकांत लढाऊ वयाचे पुरुष ६,०३,५५० होते असं बायबल सांगतं. आणि 'सगळी मंडळी' मंडपाच्या, म्हणजे त्यांच्या तंबूवजा देवळाच्या, दाराशी जमली असंही सांगतं. कोलेन्सो मंडपाची रुंदी घेतो, एका रांगेत नऊ माणसं उभी करतो, दोन रांगांत दीड फूट सोडतो आणि दाखवतो की ही रांग जवळपास २० मैल मागे जाईल. असं प्रकरणामागून प्रकरण.

इंग्लंडमध्ये वादळ उठलं. केपटाऊनचे बिशप रॉबर्ट ग्रे यांनी १८६३ मध्ये त्याच्यावर धर्मद्रोहाचा खटला चालवून त्याला पदच्युत केलं. कोलेन्सोने ग्रे यांचं न्यायासनच मानलं नाही आणि प्रकरण प्रिव्ही कौन्सिलपुढे, म्हणजे वसाहतींसाठीच्या लंडनमधल्या शेवटच्या अपील न्यायालयापुढे नेलं. हीच ती प्रिव्ही कौन्सिल, जिथे पुढे टिळकांचं ताई महाराज प्रकरण गेलं. १८६५ मध्ये निकाल लागला की ग्रे यांना असा अधिकारच नव्हता, पदच्युती कायद्याने शून्य. ग्रे यांनी मग त्याला बहिष्कृत केलं आणि पुढे पीटरमॅरिट्झबर्गमध्येच दुसरा बिशप आणून बसवला. एका गावात दोन अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतले) बिशप, दोन कॅथेड्रल. १८६७ ची पहिली लॅम्बेथ परिषद, जिला जगभरातले ७६ अँग्लिकन बिशप जमले, ती भरण्यामागचं एक मोठं कारण हा वादच होता.

या सगळ्या काळात नातालमधले बरेचसे गोरे वसाहतवाले कोलेन्सोच्या बाजूने होते. बायबलबद्दल काहीही म्हणो, बिशप आपला, केपटाऊनची दादागिरी नको, असा त्यांचा हिशेब. म्हणजे धर्मद्रोही ठरूनही त्याची देवळातली गर्दी टिकून होती.

ती गेली १८७४ मध्ये.

लांगालिबालेले हा ह्लुबी लोकांचा प्रमुख. त्याच्याकडची तरुण पोरं किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणीत मजुरीला जात आणि कमाईत बंदुका घेऊन येत. सरकारने हुकूम काढला की बंदुका नोंदवा. नोंदणी रेंगाळली, प्रमुखाला राजधानीत हजर राहायला सांगितलं, तो आला नाही. १८७३ च्या अखेरीस सैन्य निघाल्याचं कळताच तो ड्रेकन्सबर्ग डोंगर ओलांडून पळाला. खिंडीत चकमक झाली, सरकारी बाजूचे पाच जण मेले, त्यात तीन गोरे होते. त्यानंतर जे झालं ते सुडापलीकडचं होतं. शेकडो माणसं मारली, गुरं जप्त केली, बायकापोरं गोऱ्यांच्या शेतांवर मजुरीला वाटून टाकली. शेजारच्या न्ग्वे लोकांचीही तीच गत.

मग खटला. न्यायाधीश कोण, तर लेफ्टनंट गव्हर्नर बेंजामिन पाइन स्वतः, 'सर्वोच्च प्रमुख' या नात्याने. सोबत बसलेला थिऑफिलस शेपस्टन, म्हणजे ज्याच्या हुकुमाचा भंग झाला तोच अधिकारी. आरोपीला बचावाचा वकील नाही. शिक्षा, जन्मभर हद्दपारी, रॉबेन बेटावर.

शेपस्टन हा कोलेन्सोचा वीस वर्षांचा जिवाभावाचा मित्र. कोलेन्सोने खटल्याची जबानी वाचायला घेतली आणि तिथेच अडकला. सरकारचा मुख्य साक्षीदार माहोयिझा हा प्रमुखाला बोलवायला गेलेला निरोप्या. त्याने शपथेवर सांगितलं होतं की ह्लुबींनी माझे कपडे उतरवून सरकारी दूताचा अपमान केला. कोलेन्सोने तिथे हजर असलेल्यांकडे चौकशी केली. निघालं असं की फक्त कोट आणि जाकीट काढायला लावलं होतं, आत हत्यार लपवलेलं नाही ना हे बघायला.

ही भीती कुठून आली? १८५८ मध्ये शेपस्टनच्या भावाने, जॉन शेपस्टनने, मत्शाना नावाच्या प्रमुखाला निःशस्त्र बोलावून, आपण मात्र पिस्तूल लपवून नेऊन, दग्याने पकडायचा प्रयत्न केला होता. ती गोष्ट सगळ्या मुलखात माहीत होती. लांगालिबालेले बंडखोर होता म्हणून नाही, तर सरकारी बोलावण्याचा अनुभव ठाऊक होता म्हणून घाबरला. कोलेन्सोने साक्षी लिहून घेतल्या, कागद घेऊन १८७४ मध्ये लंडन गाठलं आणि वसाहतमंत्री लॉर्ड कार्नार्व्हनपुढे ठेवले. पाइनला परत बोलावलं गेलं, लांगालिबालेलेला बेटावरून हलवून केपच्या मुख्य भूमीवर ठेवलं. मत्शानाच्या प्रकरणाची चौकशी कर्नल कॉलीने केली, पिस्तुलाची गोष्ट खरी निघाली.

नातालला परतला तेव्हा शेपस्टनची मैत्री संपली होती आणि जे गोरे धर्मद्रोहाच्या वेळी पाठीशी होते त्यांनी पाठ फिरवली होती. नोहाच्या तारवापेक्षा माहोयिझाचा कोट त्यांना जास्त झोंबला.

१८७९ च्या झुलू युद्धातली त्याची भूमिका मोठा विषय आहे, ती खाली प्रतिसादांत लिहितो.

---

गणितवेडा

फार आवडला लेख. पहिल्या भागातलं माझं आवडतं गणित इथे देतो. बायबलच्या मोजणीत ज्येष्ठ पुत्रांची संख्या २२,२७३ आहे. लहानमोठे मिळून एकूण पुरुष कोलेन्सो ९ लाख धरतो. भागाकार केला तर एका ज्येष्ठ पुत्रामागे सरासरी ४० च्या वर, म्हणजे प्रत्येक घरात चाळीसेक मुलगे! दुसरं, बाळंतिणीने शुद्धीसाठी पारवा किंवा होला वाहायचा आणि तो पुजाऱ्यानेच खायचा असा नियम. लोकसंख्येवरून रोजचे जन्म काढले तर २६४ येतात, आणि पुजारी तीनच, अहरोन आणि त्याचे दोन मुलगे. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला रोज ८८ पक्षी.

टीकाकार म्हणाले की ही पोरकट बेरीज-वजाबाकी आहे. इंग्रज कवी-समीक्षक मॅथ्यू अर्नोल्डनेही त्याच्यावर टीका केली. जर्मन पंडित या विषयात कितीतरी पुढे गेले होते हेही खरं. पण जर्मन ग्रंथ किती लोक वाचणार? हा त्रैराशिक येणाऱ्या कोणालाही पडताळून पाहता येईल असा पुरावा होता, आणि त्याची भीती तेवढ्यासाठीच वाटली.

---

शेवंती

एक साधी शंका. अँग्लिकन बिशपला बडतर्फ करायला प्रिव्ही कौन्सिल कशाला? कॅथलिकांत पोप ठरवतो तसं इथे आर्चबिशपने ठरवलं की संपलं, असं नाही का?

---

दक्षिणायन

शेवंतीताई, चांगला प्रश्न. चर्च ऑफ इंग्लंड हे राजसत्तेशी बांधलेलं चर्च, त्याचं प्रमुखपद तेव्हा राणीकडे. वसाहतींतल्या बिशपांची नेमणूक राणीच्या सनदेने व्हायची. आपल्या मुंबईतही १८३७ मध्ये अँग्लिकन बिशपचं पीठ झालं, सेंट थॉमस कॅथेड्रल हे त्याचं देऊळ, ज्याच्यावरून चर्चगेट नाव पडलं. १९७० मध्ये ते चर्च ऑफ नॉर्थ इंडियात विलीन झालं.

ग्रे यांचा दावा होता की माझ्या सनदेत मला नातालच्या बिशपवर अधिकार दिलाय. प्रिव्ही कौन्सिलने म्हटलं की केप आणि नाताल या दोन्ही वसाहतींत तोवर स्वतःची विधिमंडळं आली होती. तिथे राणी नुसत्या सनदेने कोणाला न्यायाधिकार देऊ शकत नाही. मग ग्रे यांचं न्यायासन उभं कशावर? कोलेन्सोची मतं बरोबर की चूक, याला न्यायालयाने हातच लावला नाही. पुढे त्याचा पगार रोखला गेला तेव्हा तो खटलाही त्याने जिंकला.

---

नगरी_माणूस

मी ख्रिस्ती घरातला, म्हणून थोडं वेगळ्या बाजूने लिहितो. आकड्यांवरच सगळी चर्चा होते, पण त्याच्यावरच्या आरोपपत्रात त्याआधीचं एक पुस्तक होतं, १८६१ चं, पौलाच्या रोमकरांस पत्रावरचं भाष्य. ते जास्त मुळाशी जाणारं आहे.

मिशनऱ्यांची तेव्हाची सरसकट शिकवण अशी की ज्याने सुवार्ता ऐकली नाही तो कायमचा नरकात. आता नवा झालेला ख्रिस्ती विचारणारच, माझी आई, माझे आजे-पणजे कुठे आहेत? आपल्याकडेही पहिल्या पिढीतल्या किती जणांनी या प्रश्नाने रात्री काढल्या असतील. कोलेन्सोने स्वच्छ लिहिलं की अनंतकाळची शिक्षा त्याला मान्य नाही, देवाची कृपा सगळ्या माणसांवर आधीपासूनच आहे, मिशनऱ्याचं काम ती माणसाला सांगण्याचं आहे. माझ्या मते ग्रे यांना ही गोष्ट जास्त लागली असणार, कारण भीतीच काढून घेतली तर धर्मांतराच्या सगळ्या यंत्रणेचं काय?

आणि त्याची श्रद्धा गेली होती असं जे लिहितात ते चूक आहे. बायबल हेच देवाचं वचन नव्हे, पण बायबलमध्ये देवाचं वचन ऐकू येतं, अशी त्याची भूमिका होती. शेवटपर्यंत तो उपदेश करत राहिला.

---

तर्कट

लेख माहितीपूर्ण आहे पण मला आरती ओवाळणं पटत नाही. हा माणूस साम्राज्याच्या पगारावर तिथे गेला. सरदारांच्या मुलांना शाळेत ठेवणं म्हणजे उद्याचे आज्ञाधारक प्रमुख तयार करणं. वीस वर्षं शेपस्टनचा मित्र होता हे तुम्हीच लिहिलंय. त्या वीस वर्षांत शेपस्टन काय करत होता हे त्याला दिसलं नाही?

---

दक्षिणायन

तर्कट, आक्षेप रास्त आहे. त्याचा ब्रिटिश राज्यावर शेवटपर्यंत विश्वास होता. झुलूंवर इंग्रजांचा प्रभाव असावा, फक्त तो न्यायाने असावा, असंच त्याला वाटायचं. 'पित्याने मुलांना सांभाळावं' हा सूर त्याच्या लिखाणात आहे. शेपस्टनच्या कारभारात वेळोवेळी गावं उठवली गेली, आणि १८७३ च्या आधी कोलेन्सोने त्याविरुद्ध झगडा मांडलेला नाही. मत्शानाची घटना १८५८ ची, त्याने तिचा छडा लावला १८७४ नंतर.

पण एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. १८५९ मध्ये तो झुलू राजा म्पांडेच्या भेटीला गेला तेव्हा सोबत न्गिदी, मागेमा फुझे आणि न्दियाने होते. परत आल्यावर त्या तिघांनी आपापल्या प्रवासाची हकिगत झुलूत लिहिली आणि कोलेन्सोने ती १८६० मध्ये त्यांच्या नावाने छापली. झुलू माणसांनी झुलूत लिहून छापलेलं हे अगदी सुरुवातीचं साहित्य. मागेमा पुढे त्याच छापखान्याचा मुद्रक झाला, आणि १९२२ मध्ये त्याचं स्वतःचं पुस्तक आलं, आपल्या लोकांचा इतिहास सांगणारं. नुसते आज्ञाधारक प्रमुख घडवायचे असते तर हे करायची गरज नव्हती. लोकांचं म्हणणं लोकांच्या तोंडून लिहून घ्यायची ही रीत त्याला आधीपासून होती, म्हणून १८७४ मध्ये ह्लुबी साक्षीदार त्याच्याकडे येऊन बोलले.

---

शेवंती

बहुपत्नीत्वावरूनही त्याच्याबद्दल बोललं जायचं ना? तो त्याला परवानगी द्यायचा म्हणे.

---

नगरी_माणूस

परवानगी नाही. ख्रिस्ती झाल्यावर दुसरं लग्न करायला त्याने कधीच हो म्हटलं नाही. प्रश्न आधीच चार बायका असलेल्या माणसाचा होता. मिशनऱ्यांची अट, एक ठेव, बाकीच्यांना सोड, मग बाप्तिस्मा. कोलेन्सो म्हणाला की त्या तीन बायकांनी काय पाप केलं? त्यांची पोरं कोणाच्या नावावर? रीतसर लग्न लागलेल्या बाईला घराबाहेर काढणं हे ख्रिस्ताच्या नावाने कसं करायचं? हे त्याने १८५५ पासून उघडपणे मांडलं. १८८८ च्या लॅम्बेथ परिषदेने त्याच्या उलट ठराव केला. चर्चला ती कडक अट शिथिल करायला १९८८ साल उजाडलं.

यात त्याने बायकांच्या बाजूने विचार केला हे मला विशेष वाटतं.

---

साताराकर

युद्धाबद्दल लिहा लवकर. नातालचं युद्ध म्हटल्यावर बार्टल फ्रिअरचं नाव येतं. हा तोच का, आमच्या साताऱ्याचा?

---

दक्षिणायन

तोच, साताराकर. १८४७ मध्ये सातारच्या दरबारात रेसिडेंट, १८४८ मध्ये आप्पासाहेब महाराज वारल्यावर आणि संस्थान खालसा झाल्यावरही तिथला कारभार पाहणारा. नंतर सिंधचा कमिशनर, १८६२ ते १८६७ मुंबईचा गव्हर्नर. मुंबईच्या किल्ल्याचा तट याच्याच काळात पाडला, फ्लोरा फाउंटनला आधी याचंच नाव द्यायचं घाटत होतं. १८७७ मध्ये तो दक्षिण आफ्रिकेत हाय कमिशनर म्हणून गेला, तिथल्या सगळ्या वसाहती आणि राज्यं एका छत्राखाली आणायला. स्वतंत्र झुलू राज्य त्या वाटेत आडवं येत होतं.

इथेही कोलेन्सोचं काम कागदांपासून सुरू होतं. झुलू आणि ट्रान्सवाल (डच वंशाच्या बोअर लोकांचा, इंग्रजांनी नुकताच ताब्यात घेतलेला मुलूख) यांच्यातल्या सीमेच्या भांडणावर सरकारनेच १८७८ मध्ये आयोग नेमला. आयोगाचा निष्कर्ष बहुतांशी झुलूंच्या बाजूने लागला. फ्रिअरने तो काही महिने दाबून ठेवला आणि ११ डिसेंबर १८७८ ला झुलूंच्या प्रतिनिधींना निवाडा ऐकवताना त्याच दिवशी, त्याच बैठकीत, निर्वाणीचा खलिता हातात दिला. राजा सेचवायोने आपली सगळी लष्करी व्यवस्था मोडावी, मुदत ३० दिवस. सीमेवरून दोन पळालेल्या बायकांना ओढून नेऊन मारल्याची एक घटना कारण म्हणून पुढे केली. कुठलाही राजा मान्य करणार नाही अशी ती मागणी होती. ११ जानेवारी १८७९ ला इंग्रज सैन्य नदी ओलांडून गेलं.

२२ जानेवारीला इसांडल्वानाच्या डोंगराखाली झुलूंनी छावणीच कापून काढली. इंग्रजांच्या बाजूचे १३०० च्या वर मेले, त्यात कितीतरी नातालमधले स्थानिक आफ्रिकन शिपाई. कर्नल डर्नफोर्डही पडला. तो कोलेन्सो कुटुंबाचा अगदी जवळचा, त्याची बाजू मांडायला बिशपच्या मुलीने, फ्रान्सेसने, पुढे पुस्तक लिहिलं. वसाहतीत घबराट माजली. १२ मार्चला सरकारने प्रार्थनेचा आणि पश्चात्तापाचा दिवस जाहीर केला.

त्या दिवशी पीटरमॅरिट्झबर्गच्या सेंट पीटर्स कॅथेड्रलमध्ये कोलेन्सोने मीखाचं वचन घेतलं, सहावा अध्याय, आठवी ओवी : परमेश्वर तुझ्याकडून काय मागतो, तर न्यायाने वागणं, दयेची आवड धरणं आणि देवासोबत नम्रपणे चालणं. आणि मग एकेक विचारत गेला. आपण न्यायाने वागलो का? ट्रान्सवाल कसं घेतलं? सीमेचा निवाडा कसा दिला? समोर बसलेल्यांपैकी अनेकांच्या घरातलं माणूस सात आठवड्यांपूर्वी मेलेलं. झुलूंचा सूड घ्या असं ऐकायला लोक आले होते. इतक्या लोकांसमोर, इतक्या ताज्या दुःखात हे बोलायला काय लागतं याचा मी अनेकदा विचार करतो.

---

साताराकर

धन्यवाद. अंगावर काटा आला. वारस, सीमा, आयोग, खलिता या सगळ्या गोष्टी आम्हाला फार ओळखीच्या आहेत. साताऱ्याला कोणी कोलेन्सो नव्हता. लंडनला बाजू मांडायला रंगो बापूजी गेले, वर्षानुवर्षं तिथे राहिले, रिकाम्या हाताने परतले.

फ्रिअरला काही झालं का?

---

दक्षिणायन

रंगो बापूजींची आठवण अगदी योग्य ठिकाणी काढलीत.

फ्रिअरला १८८० मध्ये परत बोलावलं. दोघांचा पत्रव्यवहार झालेला आहे. फ्रिअर सभ्यपणे लिहितो, कोलेन्सो त्याच्या एकेका विधानाला सरकारी कागदातलाच उतारा लावून उत्तर देतो.

युद्धानंतर त्याने जे केलं ते मला भाषणाहूनही मोठं वाटतं. लंडनच्या संसदेपुढे येणारे सरकारी अहवाल, नातालची वर्तमानपत्रं, यांतले झुलूंबद्दलचे उतारे काढायचे, त्याखाली झुलू लोकांनी येऊन सांगितलेली हकिगत लिहायची, कुठे विसंगती आहे ती दाखवायची, आणि हे सगळं बिशपस्टोच्या छापखान्यात छापून इंग्लंडमधल्या मोजक्या लोकांना पाठवायचं. पानांमागून पानं, १८८३ मध्ये तो जाईपर्यंत. मदतीला थोरली मुलगी हॅरिएट. युद्ध हरलेला सेचवायो केपटाऊनला कैदेत होता, त्याला बापलेक १८८० मध्ये जाऊन भेटले. राजा १८८२ मध्ये लंडनला जाऊन राणीला भेटून आला आणि १८८३ च्या सुरुवातीला त्याला अर्धंमुर्धं राज्य परत मिळालं. कोलेन्सो २० जून १८८३ ला वारला. महिन्याभराने सेचवायोच्या राजधानीवर त्याच्या झुलू प्रतिस्पर्ध्याने हल्ला केला, आणि पुढच्या वर्षी राजाही गेला.

---

पुणेरी_पेठ

१८८३ वरून आठवलं. त्याच वर्षी सप्टेंबरात पंडिता रमाबाईंनी इंग्लंडमध्ये वाँटेजला अँग्लिकन चर्चचा बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनमच्या कॉलेजात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं असा विचार निघाला तर मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी विरोध केला. त्रैक्याच्या सिद्धांतावर रमाबाईंनी वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिनशी जो पत्रातून वाद घातला, तो वाचताना त्यांना पुन्हा पुन्हा सांगितलं जातं की आधी अधिकार मान, मग प्रश्न विचार. रमाबाई ते मान्य करत नाहीत. त्याच चर्चमधला एक बिशप नुकताच याच भांडणात आयुष्य घालवून गेला होता हे आज इथे वाचून त्या पत्रांकडे नव्याने बघावंसं वाटतंय.

---

डर्बनवासी

मी कामानिमित्त डर्बनला राहतो. पीटरमॅरिट्झबर्ग इथून तासाभरावर. भारतीय माणूस तिथे जातो तो रेल्वे स्टेशन बघायला, कारण ७ जून १८९३ च्या रात्री गांधीजींना तिथे गाडीतून उतरवलं. कोलेन्सोला जाऊन तेव्हा दहा वर्षं होत होती. त्याच शहरात सोबांतू नावाची वस्ती आहे. सोबांतू म्हणजे लोकांचा पिता, हे आफ्रिकन लोकांनी कोलेन्सोला दिलेलं नाव. आजही ती वस्ती त्याच नावाने ओळखली जाते.

बिशपच्या नावाचं कोलेन्सो गाव तुगेला नदीवर आहे. तिथे १५ डिसेंबर १८९९ ला बोअर युद्धातली मोठी लढाई झाली, इंग्रजांचा सपाटून पराभव. त्या वेळी गांधीजींनी उभं केलेलं भारतीयांचं रुग्णसेवा पथक, सुमारे ११०० माणसांचं, जखमींना डोल्यांवरून वाहून नेत होतं.

---

शेवंती

हॅरिएटबद्दल अजून सांगा ना कोणीतरी.

---

दक्षिणायन

हॅरिएटवर खरं तर वेगळा धागा हवा. झुलू लोक तिला उद्ल्वेद्ल्वे म्हणत, म्हणजे बापाची काठी. वडील गेल्यावर पुढच्याच वर्षी बिशपस्टोचं घर आगीत गेलं. तरी तिने काम सोडलं नाही. सेचवायोचा मुलगा दिनुझुलू याच्यावर १८८८-८९ मध्ये राजद्रोहाचा खटला झाला तेव्हा वकील उभा करण्यापासून साक्षी गोळा करण्यापर्यंत सगळं हिने पाहिलं. त्याला सेंट हेलेनाला पाठवलं, तर ती इंग्लंडला जाऊन वर्षानुवर्षं खेटे घालत राहिली. १८९७ मध्ये तो परतला. १९०६ च्या झुलूंच्या बंबाथा उठावानंतर त्याला पुन्हा पकडलं तेव्हाही ही उभी.

दोन चर्चचं भांडण कोलेन्सोच्या मृत्यूनंतरही बरीच वर्षं धुमसत होतं. दुसऱ्या गटाचे बिशप मॅक्रोरी १८९१ मध्ये पायउतार झाले, नवे बिशप बेन्स आले, हळूहळू समेट झाला. पण मालमत्तेचा प्रश्न उरला होता. १९१० मध्ये चर्चच्या मालमत्तेचा कायदा झाला आणि त्यात बिशपस्टोची जमीन गेली. हॅरिएट आणि तिची बहीण अ‍ॅग्नेस यांना ते ठाणं सोडावं लागलं. हॅरिएट १९३२ मध्ये वारली.

---

तर्कट

वरचे सगळे प्रतिसाद वाचले. बाप साम्राज्यवादी होता या मतावर मी ठाम आहे. पण साक्षी लिहून घेण्याबद्दलचा तुमचा मुद्दा पटला. मागेमा फुझेबद्दल आणखी वाचायला आवडेल, त्याच्या बाजूने ही गोष्ट कशी दिसते ते.

---

डर्बनवासी

थोडं अवांतर. नगरी_माणूस आणि दक्षिणायन, ट्रेव्हर हडलस्टन या इंग्रज अँग्लिकन धर्मगुरूवर कोणी लिहाल का? जोहान्सबर्गच्या सोफियाटाऊनमध्ये काम केलं, वर्णभेदाविरुद्ध उभा राहिला, मग टांझानियात मसासीचा बिशप, शेवटी मॉरिशसचा. लहानग्या डेस्मंड टूटूच्या आईला, धुणीभांडी करणाऱ्या बाईला, रस्त्यात टोपी काढून नमस्कार करणारा तो हाच. त्याचे वडील रॉयल इंडियन मरीनमध्ये अधिकारी होते.

---

नगरी_माणूस

हडलस्टनवर मी लिहितो, जोहान्सबर्गची सेंट पीटर्स शाळा सरकारला सोपवण्यापेक्षा बंद करण्याचा त्याचा निर्णय मला नेहमी चर्चेचा वाटत आलाय. मॉरिशसमधल्या मराठी मंडळींपैकी कोणी इथे असेल आणि १९७८ ते ८३ मधल्या त्याच्या तिथल्या दिवसांबद्दल घरात काही ऐकलं असेल तर कृपया कळवा.